टी पेशीचा दुसरा संकेत : बी७ कुणाच्या वाट्याला किती?

सूक्ष्मवेध

टी पेशी (प्रतिकारशक्तीची एक पांढरी रक्तपेशी) जागी व्हायला दोन संकेत लागतात, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. टी पेशीच्या ग्राहीने एमएचसीच्या (पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवणाऱ्या रेणूच्या) खोबणीतला पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, ओळखला, हा पहिला. तो पेप्टाइड दाखवणाऱ्या पेशीवरचा बी७ टी पेशीवरच्या सीडी२८ या ग्राहीला जाऊन बसला, हा दुसरा. बी७ म्हणजे दोन भावंडं : सीडी८० (बी७-१) आणि सीडी८६ (बी७-२). पुढे मात्र "दुसरा संकेत आहे की नाही" असं बटणासारखं बघायची सवय लागते, आणि मग सीटीएलए-४ (टी पेशीवरचाच, बी७ धरणारा पण लगाम घालणारा ग्राही), नियामक टी पेशी (प्रतिकार आवरणाऱ्या), अबॅटासेप्ट आणि इपिलिमुमॅब ही औषधं, हे सगळे सुटे सुटे पाठ करावे लागतात.

माझं म्हणणं असं, की बी७कडे साठा म्हणून बघा. साठा मोजका, गिऱ्हाइकं दोन (सीडी२८ आणि सीटीएलए-४), आणि त्यातलं दुसरं भलतंच जबर. पकडीचे आकडे मायक्रोमोलरमध्ये देतो. आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट. सीडी८० आणि सीडी२८ : सुमारे ४. सीडी८० आणि सीटीएलए-४ : सुमारे ०.२. सीडी८६ आणि सीडी२८ : सुमारे २०. सीडी८६ आणि सीटीएलए-४ : सुमारे २.६. म्हणजे सीडी८०च्या बाबतीत सीटीएलए-४ची पकड वीसपट, सीडी८६च्या बाबतीत साधारण आठपट. शिवाय सीटीएलए-४ची जोडी एका वेळी दोन बी७ धरू शकते. सीडी२८सुद्धा जोडीनेच राहतो, पण एका वेळी एकच धरतो. त्यामुळे दोघं शेजारी असतील तर सीडी२८ला मिळतं ते उरलंसुरलं.

हा साठा भरतो कोण? मुख्यतः डेंड्रायटिक पेशी, म्हणजे जंतूंचे तुकडे टी पेशींना दाखवणारी पेशी. शांत असताना तिच्यावर सीडी८६ थोडा असतो, सीडी८० त्याहून कमी. जंतूचा एखादा अंश (काही जीवाणूंच्या आवरणातलं एलपीएस, दुहेरी धाग्याचा आरएनए, मिथिल गट नसलेला सीपीजी डीएनए) जंतू ओळखणाऱ्या टोलसारख्या ग्राहींना लागला की सीडी८६ काही तासांत चढतो आणि सीडी८० त्याच्या मागून येतो. त्याच वेळी सीसीआर७ (पेशीला लसीका ग्रंथीकडे नेणारा ग्राही) वाढतो, पेशी लसीकावाहिनीतून ग्रंथीत पोचते आणि कोऱ्या, म्हणजे आधी कधी जाग्या न झालेल्या, टी पेशींना भेटते. मॅक्रोफेज आणि बी पेशीही बी७ दाखवतात, पण चेतवल्यावर. मूत्रपिंडाची किंवा स्वादुपिंडाची साधी पेशी पेप्टाइड दाखवते, बी७ दाखवत नाही. स्वतःच्या ऊतींवर हल्ला न होण्यामागचं हे एक मोठं कारण.

दोन्ही संकेत शक्यतो एकाच पेशीकडून आले पाहिजेत, हेही यातच आलं. पहिला एकीकडून आणि दुसरा शेजारणीकडून, असं चाललं असतं तर जंतूने एक पेशी चेतवल्यावर आजूबाजूच्या निरुपद्रवी पेप्टाइडांविरुद्धही टी पेशी उठल्या असत्या.

शुभ्रकणिका

साठ्याची उपमा पटली. इतिहासाचा धागा जोडते, कारण कल्पना कुठून आली हे कळलं की प्रयोगही नीट वाचता येतात. दोन संकेतांचा विचार ब्रेट्शर आणि कोहन यांनी १९७०मध्ये मांडला, तो प्रामुख्याने बी पेशींसाठी. टी पेशींसाठी तो लॅफर्टी आणि कनिंगहॅम यांनी १९७५मध्ये नेला. ठोस पुरावा १९८७चा, जेन्किन्स आणि श्वार्ट्झ यांचा : प्लीहेच्या पेशींवर कार्बोडायइमाइड या रसायनाची प्रक्रिया केली (त्याने दुसरा संकेत बंद पडतो), पेप्टाइड तोच, एमएचसी तोच, तरी टी पेशींचे क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेल्या सारख्या पेशी) वाढले नाहीत. इतकंच नाही, नंतर धडधाकट पेशी दिल्या तरी ते क्लोन ढिम्म राहिले. या स्थितीला अॅनर्जी म्हणतात. जंतूची ओळख आणि दुसरा संकेत यांची सांगड जेनवे यांनी १९८९मध्ये घातली. लसीत सहायक द्रव्य का लागतं, याचं उत्तर तिथे मिळतं. नुसतं शुद्ध प्रथिन टोचलं तर बी७चा साठा भरतच नाही.

अनुबंध

पेशीच्या आत काय होतं तेही लिहायला हवं, नाहीतर "संकेत" हा शब्द हवेत राहतो.

पहिल्या संकेताची वाट, म्हणजे एकामागून एक चालू होणारी प्रथिनं : एलसीके, मग झॅप७०, मग एलएटी, मग पीएलसी-गॅमा. कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम एनफॅटवरचा (जनुकं उघडणाऱ्या एका प्रथिनावरचा) फॉस्फेट काढतं, एनफॅट केंद्रकात जातो. सीडी२८च्या शेपटीवर दोन महत्त्वाच्या जागा आहेत. वायएमएनएम या अमिनो आम्लांच्या क्रमावर पीआय३-कायनेज बसतं आणि पुढे एकेटी चालू होतं. पीवायएपी या क्रमावर एलसीके आणि ग्रब२ जोडले जातात. यातून एनएफ-कप्पा-बी आणि एपी-१ या जनुकं उघडणाऱ्या प्रथिनांना बळ मिळतं, आयएल-२चा (टी पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचा) संदेशवाहक आरएनए जास्त वेळ टिकतो, बीसीएल-एक्सएल वाढून पेशी मरण टाळते आणि ग्लूट१ पृष्ठभागावर येऊन ग्लुकोजची आवक वाढते. शेवटच्या मुद्द्याकडे सहसा लक्ष जात नाही. विभाजनाला लागलेल्या पेशीला कच्चा माल लागतो आणि त्याची परवानगी सीडी२८ देतो.

एनफॅट एकटाच केंद्रकात पोचला आणि एपी-१ सोबतीला नसला, तर तो वेगळीच जनुकं उघडतो : डीजीके-अल्फा, सीबीएल-बी, इच, ग्रेल. ही सगळी ग्राहीचा संकेत दाबणारी. त्यामुळे अॅनर्जी म्हणजे केवळ संकेताचा अभाव नाही, पेशी तो कार्यक्रम स्वतः राबवते.

शुभ्रकणिका

इथे एक भर घालते. अॅनर्जीचे मूळ प्रयोग आधी जागृत झालेल्या टीएच१ (सहायक टी पेशींचा एक प्रकार) क्लोनवर झाले होते. कोऱ्या टी पेशीला सीडी२८शिवाय उद्दीपन दिलं तर ती बरेचदा थोडी विभागते आणि मरते. अॅनर्जीत जाईलच असं नाही. म्हणून "वाढ झाली नाही, म्हणजे अॅनर्जी" असं लिहू नये. त्यासाठी दोन टप्प्यांची चाचणी लागते : आधी फक्त सीडी३वाटे (सीडी३ हा टी पेशीच्या ग्राहीचा जोडभाग, त्याला प्रतिपिंड लावलं की पहिला संकेत मिळतो) ४८ तास, मग पेशी धुऊन ३ ते ५ दिवस विसावा, मग जिवंत पेशी मोजून समान संख्येने सीडी३ आणि सीडी२८ दोन्ही. तेव्हाही आयएल-२ कमी आलं आणि बाहेरून आयएल-२ दिल्यावर पेशी वाढल्या, तर अॅनर्जी म्हणायला आधार आहे. मधली मोजणी गाळली तर मेलेल्या पेशींचा हिशेब अॅनर्जीच्या खात्यात जमा होतो.

निळी_शाई

साठ्याच्या उपमेवर एक शंका. सीटीएलए-४ फक्त बी७ अडवतो की स्वतःही "थांब" असा संकेत देतो? दोन्ही वाचलंय.

सूक्ष्मवेध

दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलं आहे. मात्र २०११पासून पारडं एका बाजूला बरंच झुकलं. त्या वर्षी दाखवलं गेलं, की सीटीएलए-४ असलेली पेशी समोरच्या पेशीवरचे सीडी८० आणि सीडी८६ अक्षरशः ओरबाडून स्वतःच्या आत ओढते आणि नष्ट करते. म्हणजे गिऱ्हाईक माल फक्त अडवत नाही, गोदामच रिकामं करून जातं. नियामक टी पेशींवर सीटीएलए-४ कायम असतो, त्यामुळे त्या डेंड्रायटिक पेशीभोवती गोळा झाल्या की तिचा बी७ उतरत जातो. साध्या टी पेशीवर सीटीएलए-४ जागृतीनंतर दिसतो. म्हणजे सुरुवातीला सीडी२८चं राज्य, नंतर लगाम.

हा लगाम प्रमाणाचा आहे याचा माणसातला पुरावा २०१४मध्ये आला. सीटीएलए-४ जनुकाची एकच प्रत बिघडलेल्या रुग्णांत आतडं, फुप्फुस, मेंदू यांत लिंफोसाईट (टी आणि बी पेशींसारख्या पांढऱ्या पेशी) घुसलेले, रक्तपेशींवर स्वतःचाच हल्ला, आणि जोडीला प्रतिपिंडांची कमतरता. एक प्रत शाबूत असूनही. उंदरात दोन्ही प्रती काढल्या तर पिल्लं तीन-चार आठवड्यांतच लिंफोसाईटच्या अनावर वाढीने मरतात. एलआरबीए हे प्रथिन सीटीएलए-४ला लायसोसोममध्ये (पेशीतल्या विघटनाच्या पिशवीत) जाण्यापासून वाचवतं, आणि त्याच्या अभावात जवळपास तसाच आजार होतो. साठ्यावरचा लगाम निम्मा झाला तरी माणूस आजारी पडतो, हे बटणाच्या कल्पनेत बसवणं फार अवघड आहे.

अनुबंध

आणखी एक गाठ इथेच सोडवून टाकू. टी पेशीवर पीडी-१ नावाचा आणखी एक ब्रेक असतो, त्याचा जोडीदार पीडी-एल१. सीडी८० त्याच पेशीवरच्या पीडी-एल१ला बाजूने चिकटून बसतो. तसा बसला की पीडी-एल१ला टी पेशीवरचा पीडी-१ धरता येत नाही, पण सीडी८० मात्र सीडी२८शी बोलू शकतो. सीटीएलए-४ने सीडी८० ओढून नेला की पीडी-एल१ मोकळा होतो. एका घासात दोन परिणाम : प्रवेगक गेला आणि ब्रेक लागायला मोकळा झाला. पीडी-१चा ब्रेक लागतो तोही बऱ्याच अंशी सीडी२८वरच. २०१७च्या कामात दिसलं, की पीडी-१ने बोलावलेलं एसएचपी२ हे एन्झाइम टी पेशीच्या ग्राहीपेक्षा सीडी२८च्या शेपटीवरचे फॉस्फेट जास्त आवडीने काढतं.

पेशीपुराण

प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो, कारण वरचं सगळं कळूनही प्लेटवर उत्तर उलटं येतं.

मानवी टी पेशींसाठी साधी मांडणी. सपाट तळाची ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट. सीडी३विरोधी प्रतिपिंड (ओकेटी३ किंवा यूसीएचटी१) पीबीएस या क्षारद्रावणात, वेलमागे ५० मायक्रोलिटर. ३७ अंशांवर २ तास किंवा ४ अंशांवर रात्रभर. मग २०० मायक्रोलिटर पीबीएसने दोनदा धुवायचं, पण वेल कोरडे पडू द्यायचे नाहीत. पेशी वेलमागे १ लाख, २०० मायक्रोलिटर मीडियममध्ये : आरपीएमआय १६४०, १० टक्के उष्णतेने निष्क्रिय केलेलं सीरम, २ मिलिमोलर ग्लुटामिन. उंदराच्या पेशींना ५० मायक्रोमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल हवंच. सीडी२८विरोधी प्रतिपिंड (मानवी सीडी२८.२, उंदरासाठी ३७.५१) विरघळलेल्या रूपात १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. दोन्ही प्रतिपिंडं अझाइडविरहित घ्या. अझाइडने पेशी मरतात आणि दोष सीडी२८ला दिला जातो. कडेच्या वेलमध्ये फक्त पीबीएस भरा, तिथलं बाष्पीभवन जास्त.

आता खरी मेख. सीडी३विरोधी प्रतिपिंड एकाच मात्रेत वापरलं, आणि ती मात्रा ५ किंवा १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असली, तर सीडी२८चा फरक दिसतच नाही. पहिला संकेत इतका जोरात असतो, की पेशी दुसऱ्याची वाट बघत नाही. म्हणून १०, ३, १, ०.३, ०.१, ०.०३ अशी उतरंड लावा. सीडी२८ची गरज खालच्या मात्रांत उघडी पडते.

मोजायचं काय? सीडी६९ (जागृतीची पृष्ठभागावरची खूण) चार तासांपासून दिसतो, पण तो मुख्यतः पहिल्या संकेताचा साक्षीदार. त्यावरून सहउद्दीपनाचा, म्हणजे दुसऱ्या संकेताचा, निष्कर्ष काढू नका. आयएल-२ साधारण २४ तासांनी मीडियममधून मोजा. ४८-७२ तासांनी मोजलं तर आकडा खाली येतो, कारण तोवर सीडी२५ (आयएल-२चा ग्राही) वाढलेला असतो आणि पेशी स्वतःच आयएल-२ पिऊन टाकतात. विभाजन ७२ तासांनी सीएफएसई या रंगाने. रंग १ ते ५ मायक्रोमोलर, प्रत्येक विभाजनाला तेज निम्मं.

पीएमए (५० नॅनोग्रॅम) आणि आयोनोमायसिन (१ मायक्रोग्रॅम, दोन्ही प्रति मिलिलिटर) हा पेशी जिवंत आहेत का हे बघायचा कंट्रोल. ही जोडी ग्राही आणि सीडी२८ दोघांनाही वळसा घालते, त्यामुळे सहउद्दीपन बिघडलंय का याचं उत्तर तिच्याकडून मिळत नाही.

निळी_शाई

पेशीपुराण, उतरंड लावूनही "फक्त सीडी३"च्या वेलमध्ये विभाजन दिसतं, असं बऱ्याच प्रयोगवह्यांत सापडतं. कारणं कोणती?

पेशीपुराण

पहिला संशय शुद्धतेवर घ्या. टी पेशी ९५ टक्के शुद्ध असतील तर लाखात ५ हजार इतर पेशी आहेत. त्यात मोनोसाईट आणि बी पेशी आल्या, आणि त्या बी७ घेऊन येतात. एफसी ग्राहींनी (प्रतिपिंडाचा बुंधा धरणाऱ्या) त्या सीडी३विरोधी प्रतिपिंड धरूनही ठेवतात. एरवी पूर्ण पीबीएमसीत (रक्तातल्या टी, बी पेशी आणि मोनोसाईट यांच्या मिश्रणात) विरघळलेलं ओकेटी३ चालतं आणि शुद्ध टी पेशींत चालत नाही, ते याचमुळे. तपासणी सोपी : त्याच वेलच्या जोडीला सीटीएलए-४-आयजी (बी७ झाकणारं, विरघळलेलं सीटीएलए-४) १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर टाका, सोबत आयजीचा कंट्रोल. विभाजन घसरलं तर बी७ कुठूनतरी येतोय. घसरलं नाही तर दुसरा संशय : स्मृती पेशी, म्हणजे पूर्वी जाग्या झालेल्या. त्यांना सीडी२८ची गरज कमी. सीडी४५आरए आणि सीसीआर७ दोन्ही असलेल्या कोऱ्या पेशी वेगळ्या काढून बघा. आणि जागृत मानवी टी पेशी उशिरा स्वतःच थोडा सीडी८०, सीडी८६ दाखवतात, त्यामुळे पाचव्या दिवसाचं निरीक्षण पहिल्या दिवसाच्या कारणाला चिकटवू नका.

डेंड्रायटिक पेशी वापरणार असाल तर : सीडी१४ असलेले मोनोसाईट, जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ या वाढ-प्रथिनांवर ६ दिवस, मग एलपीएस १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर २४ तास. सीडी८०, सीडी८३, सीडी८६, एचएलए-डीआर चढलेले दिसले पाहिजेत. एलपीएस न देताच चढले असतील तर पेप्टाइडमध्ये किंवा सीरममध्ये एंडोटॉक्सिन (जीवाणूंचं एलपीएस) आहे. तो कंट्रोल वाया गेला म्हणून समजा.

शुभ्रकणिका

धागा फक्त बी७भोवती फिरतोय, म्हणून बाकीच्यांची थोडक्यात नोंद. सीडी२८ कोऱ्या पेशीवर असतोच, सीडी२७सुद्धा (जोडीदार सीडी७०). आयकॉस, ओएक्स४०, ४-१बीबी हे जागृतीनंतर येतात. आयकॉसशिवाय लसीका ग्रंथीच्या कूपातल्या सहायक टी पेशी नीट बनत नाहीत आणि बी पेशींना मदत मिळत नाही. ओएक्स४० आणि ४-१बीबी हे टीएनएफ ग्राहींच्या कुळातले. त्यांचं काम पेशी टिकवण्याचं.

सीडी४० मात्र उलट्या दिशेचा आहे आणि त्याला जास्त जागा द्यायला हवी. सीडी४ (सहायक) टी पेशी जागी झाली की तिच्यावर सीडी४०चा जोडीदार (सीडी४०एल) येतो, तो डेंड्रायटिक पेशीवरच्या सीडी४०ला लागतो, आणि त्या पेशीचा बी७ आणि आयएल-१२ आणखी वाढतो. मग ती सीडी८ (मारक) टी पेशीला पुरेसा संकेत देऊ शकते. १९९८मध्ये तीन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. साठ्याच्या भाषेत : सीडी४ पेशी माल घेते आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी गोदाम भरूनही जाते. सीडी४०एल जन्मतः बिघडलेला असेल तर एक्स गुणसूत्राशी जोडलेला हायपर-आयजीएम हा आजार होतो. त्यात बी पेशी आयजीजीकडे वळत नाहीतच, शिवाय न्यूमोसिस्टिससारखे संसर्गही होतात, कारण मॅक्रोफेजनाही तोच धक्का मिळत नाही.

अनुबंध

आता औषधं या साठ्याच्या हिशेबाने वाचा.

अबॅटासेप्ट म्हणजे सीटीएलए-४चा बाहेरचा भाग आयजीजी१च्या बुंध्याला जोडलेला. जबर गिऱ्हाईक बाटलीत भरून दिलं, असंच ते आहे. संधिवाताभ आमवातासाठी (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) अमेरिकेत २००५च्या डिसेंबरात मान्यता. शिरेतून द्यायचं तर ६० किलोखाली ५०० मिलिग्रॅम, ६० ते १०० किलोला ७५०, त्यावर १०००. सुरुवातीला, २ आणि ४ आठवड्यांनी, मग दर ४ आठवड्यांनी. बेलाटासेप्ट त्याचाच दोन अमिनो आम्लं बदललेला भाऊ, सीडी८६वर पकड वाढवलेला. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी २०११. ज्याला एपस्टीन-बार विषाणू पूर्वी झालेला नाही त्याला तो देत नाहीत, कारण प्रत्यारोपणानंतरच्या लिंफोसाईट-गाठींचा धोका वाढतो. त्यावर असतानाही तीव्र नकार येतो, त्यात सीडी२८ गमावलेल्या स्मृती पेशींचा हात धरला जातो : ज्यांना मालच नको, त्यांना दुकान बंद करून काय फरक पडणार? शिवाय बी७ झाकला की नियामक पेशींचं सीडी२८वरचं पोषणही तुटतं. हा तोटा औषधाच्या रचनेतच आहे.

इपिलिमुमॅब उलटं : गिऱ्हाइकालाच अडवायचं. मेलानोमासाठी (त्वचेचा एक कर्करोग) २०११, ३ मिलिग्रॅम प्रति किलो, दर ३ आठवड्यांनी ४ डोस. आतड्याचा दाह, यकृताचा दाह, पियुषिका ग्रंथीचा दाह हे त्याचे दुष्परिणाम वर सांगितलेल्या एकाच प्रतीच्या बिघाडाशी ताडून बघा, बरंच साम्य दिसेल. या वाटेसाठी अॅलिसन आणि पीडी-१साठी होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं.

सूक्ष्मवेध

आणि साठा सोडून थेट सीडी२८ खेचला तर काय होतं, याचं उदाहरण टीजीएन१४१२. मार्च २००६, लंडनचं नॉर्थविक पार्क रुग्णालय, औषध मिळालेले सहा निरोगी स्वयंसेवक. सीडी२८चं हे महाउद्दीपक प्रतिपिंड पहिल्या संकेताशिवायही टी पेशी जाग्या करतं. मात्रा ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, आणि दोन स्वयंसेवकांमध्ये अंतर साधारण दहा मिनिटांचं. दीड तासाच्या आत सायटोकाईनचं वादळ सुरू झालं. सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले, पण सगळे वाचले. माकडांत हीच गोष्ट का दिसली नाही? मकाक माकडांच्या परिणामक स्मृती सीडी४ पेशी सीडी२८ गमावतात, माणसाच्या ठेवतात. माणसात सायटोकाईन ओतणाऱ्या नेमक्या त्याच. पीबीएमसीत विरघळलेलं प्रतिपिंड टाकून केलेली चाचणीही शांत राहिली होती. तेच प्रतिपिंड प्लेटला चिकटवून किंवा पेशी आधी दाट वाढवून दिलं की प्रतिसाद उसळतो. म्हणजे प्रतिपिंड कोणत्या रूपात दिलं, हा इथे जीवन-मरणाचा तपशील होता.

निळी_शाई

कार-टीमध्ये (कर्करोगावर वापरायच्या, कृत्रिम ग्राही बसवलेल्या टी पेशींत) हा हिशेब कसा लागतो? तिथे बी७ नसतोच.

अनुबंध

नसतो, म्हणून दुसरा संकेत ग्राहीतच शिवून दिला जातो. पहिल्या पिढीच्या रचनेत फक्त सीडी३-झीटा, म्हणजे पहिल्या संकेताची शेपटी, होता आणि पेशी शरीरात टिकत नव्हत्या. दुसऱ्या पिढीत सीडी२८ किंवा ४-१बीबी यांची शेपटी जोडली. टिसाजेनलेक्ल्युसेलमध्ये ४-१बीबी, अॅक्सिकॅब्टाजीन सिलोल्युसेलमध्ये सीडी२८. दोघांना अमेरिकेत २०१७मध्ये मान्यता. सीडी२८वाल्या झपाट्याने वाढतात, ग्लुकोज जाळतात आणि लवकर ओसरतात. ४-१बीबीवाल्या हळू चढतात, मायटोकॉन्ड्रिया वाढवतात, जास्त दिवस राहतात. आणि इथे दोन्ही संकेत एकाच धाग्यात असल्यामुळे सीटीएलए-४ला ओरबाडायला काहीच उरत नाही. पीडी-१चा ब्रेक मात्र सीडी२८च्या शेपटीला लागू शकतो.

शुभ्रकणिका

सीटीएलए-४ स्टेन करताना (रंगीत प्रतिपिंडाने रंगवताना) हमखास होणारी चूक लिहून ठेवते. तो बहुतांश पेशीच्या आत, पुटिकांमध्ये असतो. पृष्ठभागावर आला की लगेच परत ओढला जातो. ४ अंशांवर पृष्ठभाग रंगवला तर "नाही" असं दिसतं. एकूण साठा हवा तर पेशी स्थिर करून, पटल सच्छिद्र करून रंगवा. फिरता साठा हवा तर जिवंत पेशींना ३७ अंशांवर रंगीत प्रतिपिंडासोबत तास-दोन तास ठेवा. पृष्ठभागाला भेट देणारा प्रत्येक रेणू रंग घेऊन आत जातो. आणि अबॅटासेप्ट किंवा सीटीएलए-४-आयजी टाकलेल्या नमुन्यात बी७ कमी दिसला तर घाई नको. औषधाने जागा झाकल्यामुळे रंगीत प्रतिपिंड बसलेलं नसू शकतं. त्याच वेळी औषधाच्या आयजी बुंध्याविरुद्धचं प्रतिपिंड लावून बघा. ते चमकलं तर बी७ तिथेच आहे, झाकलेला.